तीन नंबर

माझा मामा हुशार, पण हट्टी. तो एकपासूनच मोजतो. यंत्र शून्यापासून मोजतं, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. "शून्य म्हणजे काहीच नाही. जे नाहीच ते कसं मोजायचं गं?" हे त्याचं ठरलेलं उत्तर.

त्या सकाळी आम्ही हॉस्पिटलच्या संगणकांच्या कामावर होतो. मी तळघरात, स्टोरेज सर्व्हरपाशी. त्यातल्या डिस्कच्या मोठ्या साठ्याचे भाग पाडायचे आणि एकेक भाग एकेका सर्व्हरला जोडायचा. त्या सर्व्हरला ती आपलीच डिस्क वाटते. आधीचे भाग तीन: ईमेल, रक्ततपासण्या, स्कॅन. चौथा मी नवा पाडला. तो जोडायला मामा दुसऱ्या मजल्यावर, नव्या सर्व्हरपाशी बसला होता.

"तीन नंबर जोड," मी फोनवर म्हटलं. शून्य, एक, दोन, आणि तीन म्हणजे चौथा. माझं अर्धं लक्ष घड्याळाकडे होतं. याच हॉस्पिटलात अकरा वाजता आईच्या डोक्यातली गाठ काढणार होते.

फोन ठेवून पडद्यावरच्या यादीकडे पाहिलं. नवा सर्व्हर स्कॅनच्या ओळीला जोडलेला. वरून तिसरी ओळ. मामाने बोटाने मोजली असणार.

नवा सर्व्हर अनोळखी डिस्क दिसली की विचारतो, पुसून तयार करू का? फोन लावला. मामा उचलेना. काम करताना तो फोन पालथा ठेवतो. मी जिन्याकडे धावले. दुसऱ्या मजल्यावर पोचताच ओरडले.

"मामा, हात काढ!"

"झालं की. का गं?"

"ते स्कॅन होते."

त्याने कीबोर्डवरून हात उचलले.

"कालच्या रात्रीची प्रत आहे ना?" तो पुटपुटला.

"आईचा स्कॅन आज सकाळचा आहे."

मला चूक सगळी त्याच्यावर ढकलायची होती. 'नवा भाग' एवढे दोन शब्द मी म्हटले असते तर?

तेवढ्यात माझा फोन वाजला. ऑपरेशन थिएटरमधली नर्स होती. "तुमच्या आईंना भूल दिली आहे. स्कॅन उघडत नाहीये. किती वेळ लागेल?"

मामालाही ते ऐकू गेलं. त्याने माझ्या हातातून फोन घेतला.

"स्कॅन गेला," तो म्हणाला. "माझ्या हातून पुसला गेला. डॉक्टरांना थांबवा. मी तिचा भाऊ बोलतोय. तिला शुद्धीवर आणा."