सात नंबरची फुंकर

चिमट्याच्या टोकावर भिंग आहे की नाही, हेच तिला आधी कळेना. मोहरीच्या एका दाण्याचे चार तुकडे करावेत आणि त्यातला एक उचलावा, एवढं ते भिंग… टेबलावरचा दिवा तिने जरा कलता केला तेव्हा कुठे ते चमकलं आणि पुन्हा विझल्यासारखं झालं. आहे. तिने श्वास रोखला. या कामात श्वास रोखावाच लागतो. मागे एकदा एका शिंकेसरशी तीन भिंगं उडाली होती आणि विभागातले सगळे, साहेबांसकट, अर्धा दिवस फरशीवर ओणवे होऊन शोधत होते. तेव्हा किती हसलो होतो आपण…

भिंग केसाएवढ्या काचेच्या तारेच्या टोकावर टेकलं, डिंकाने धरलं. आता त्यावर लेप चढायचा. मग माणसाने नळीत श्वास सोडायचा, तारेतून उजेड सोडायचा, आणि त्या श्वासात आजारी फुप्फुसातले ठरावीक रेणू असले तर ते लेपाला चिकटायचे, उजेडाचा रंग जरासा सरकायचा. किती सरकला त्याचा आकडा पडद्यावर. बाराच्या आत म्हणजे माणूस ठणठणीत. अकरा वर्षं तिने या एका वाक्यात काढली होती.

तिने श्वास सोडला. घड्याळात साडेदहा. अहवाल चारच्या आत मंजुरीच्या समितीकडे जायला हवा, आणि भाऊजी जेवणाच्या सुट्टीत तपासलेली पानं घेऊन येणार होते. सकाळचा चहा तसाच गार होऊन पडला होता.

भाऊजी समोरच्याच छापखान्यात प्रूफं तपासतात. रेल्वेची वेळापत्रकं, शाळेची पुस्तकं, औषधाच्या बाटलीसोबतचे चिटुकले कागद — सगळं त्यांच्या लाल पेन्सिलीखालून जातं. तिचा पहिला लेख छापून आला तेव्हा त्यात त्यांनी सतरा चुका काढल्या होत्या, ताई म्हणाली होती, “अहो, कौतुक करायची ही कुठली तऱ्हा?” त्यावर ते म्हणाले होते, “ज्याचं कौतुक नाही त्याचं मी वाचतही नाही.” तेव्हापासून तिचा प्रत्येक कागद त्यांच्याकडून जातो. ताई गेल्यावरही ते थांबलं नाही. दर रविवारी ते तिच्याकडे जेवायला येतात, जेवण झाल्यावर वर्तमानपत्रातल्या चुकांना गोल करत बसतात, चार वाजले की चपला घालतात. बोलणं असं नाहीच. ताई होती तेव्हा दोघांचंही बोलणं तीच बोलून टाकायची.

मग हा अहवाल त्यांना का दिलास? देऊ नये असं कितीदा वाटलं होतं. भाषा तर आता ठीकच जमते. पण दिला नसता तर त्यांनी विचारलं असतं, का नाही दिलास. आणि दिला तर… तर ते वाचणार. ते कसं वाचतात हे तुला माहीत नव्हतं का?

अडीच वर्षांपूर्वी यंत्र पहिल्यांदा चालायला लागलं तेव्हा चाळीस निरोगी माणसं हवी होती. विभागातली माणसं संपली, मग पहारेकरी, पहारेकऱ्याची मावशी, ग्रंथालयातली बाई — आणि सातव्या नंबरला ताई. हातात पिशवी, केसांना राखाडी रंगाचे दोन शिंतोडे.

“हे काय लागलंय केसांना?”

“अगं, घरात दारांना रंग देतेय. माणूस बोलावला तर ह्यांना त्याच्या कामात चुका दिसणार, म्हणून मीच. बरं, कुठे फुंकायचं?”

“फुंकायचं नाही. सावकाश श्वास सोडायचा. निरोगी माणसाचा श्वास हवाय.”

“मग योग्य माणसाला बोलावलंस, बारके. मला दवाखान्याने जन्मात दोनदाच पाहिलंय, आणि दोन्ही वेळा मी तुला घेऊन गेले होते.”

आणि तिने फुंकरच मारली. लहानपणी डोळ्यात काही गेलं की पापणी वर धरून मारायची तशी, ओठांचा चंबू करून. बारकी ओरडली, ताई हसली. पडद्यावर आकडा आला — छत्तीस.

तारेचं टोक धुतलं. पुन्हा श्वास. चौतीस. टोक बदललं. सदतीस. ते नवं टोकही त्याच खोक्यातलं होतं, आणि त्या खोक्यातली दोन टोकं आदल्याच दिवशी खराब निघाली होती. हे खोटं नाही, वहीत आहे. शिवाय रंग. रंगाच्या वाफेत काय काय असतं, त्याने लेप बिघडणारच. “काय झालं गं? नापास झाले का?” ताईने विचारलं. “तू नाही, माझं यंत्र नापास झालंय,” ती म्हणाली. “पुढच्या आठवड्यात नवी टोकं येतील, पुन्हा येशील?” “बघते. रंगाचा दुसरा हात राहिलाय.”

आणि वहीत तिच्या नीटस अक्षरात: टोकं सदोष असावीत. घरात रंगकाम. नमुना ७ वगळला.

पुढच्या आठवड्यात नवी टोकं आली. त्याच्या पुढच्या आठवड्यात तिला परगावी परिषदेला जायचं होतं. मग पावसाने तळघरातली यंत्रं भिजली, ती वाळवण्यात महिना गेला. ताईला पुन्हा बोलवायचं राहिलं. राहिलं… किती साधा शब्द. दूध आणायचं राहतं, पत्र टाकायचं राहतं.

चौदा महिन्यांनी ताईचा खोकला थांबेना तेव्हा डॉक्टरांनी तपासणी ठरवली. डॉक्टर ओळखीचे, म्हणून तिला आत उभं राहू दिलं. ताईच्या घशातून एक काळी बारीक नळी आत सरकत गेली, टोकाला असंच मोहरीच्या चौथाईएवढं भिंग, आणि पडद्यावर ताई आतून दिसायला लागली: गुलाबी, ओली, फांद्या फुटत गेलेली. आणि तिच्या मनात सगळ्यात पहिला विचार आला तो हा, की चित्र किती स्वच्छ आलंय! कडाही फाटत नाहीत. कोणी घासलं असेल हे भिंग?… मग नळी एका वळणावर थांबली, डॉक्टर बोलायचे थांबले, आणि तिला सात नंबर आठवला.

नऊ महिने आजारपण चाललं. सात महिन्यांपूर्वी ताई गेली.

एक वाजून दहा मिनिटांनी भाऊजी आले. दारातच चष्म्याच्या काचा पुसल्या, खुर्ची ओढून बसले, पानांचा गठ्ठा टेबलावर नीट चौकोनी करून ठेवला.

“जेवलीस?”

“जेवेन. तुम्ही?”

“डबा खाऊन आलो.” त्यांनी पानं उलटली. “सुधारलीयस बरं का. सबंध अहवालात नऊ चुका. त्यातल्या चार तर टंकलेखनाच्या.”

“बरं.”

“एकच शंका आहे. मजकुरात एकोणचाळीस निरोगी माणसं म्हणतेस, तक्त्यात शेवटचा आकडा चाळीस आहे. म्हणून मी एकेक ओळ मोजली. सहाच्या खाली एकदम आठ आहे. सात सुटलाय.”

बाहेर कुणीतरी गाडीवरून लोखंडी नळे उतरवत होतं. ती त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत राहिली.

“विशेष काही नाही,” भाऊजी म्हणाले, “पुढचे सगळे एकेकाने कमी करायचे. आत्ता करून देतो, दोन मिनिटांचं काम.” आणि त्यांनी आठवर तिरकी रेघ मारून शेजारी सात लिहिलं. नऊवर रेघ, आठ. दहावर रेघ… किती हलका हात! इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका खोडून खोडून हलका झालेला. त्यांच्या हाताखाली ताईची जागा बुजत चालली होती, आणि बुजवत तेच होते, आणि तिला नुसतं गप्प बसायचं होतं. अकराची ओळ होईपर्यंत ती गप्प बसलीही.

“नका करू, भाऊजी.”

“का?”

“सुटलेला नाही तो. मी वगळलाय.”

“मग तसं खाली लिहायला हवं. का वगळला?”

“टोक खराब आहे असं वाटलं होतं.” तिने सहा आणि आठच्या मधल्या जागेवर बोट ठेवलं. “सात नंबर ताईचा होता.”

पेन्सिल कागदावर तशीच टेकलेली राहिली.

“किती आला होता?” त्यांनी विचारलं.

“छत्तीस.”

“आणि यायला किती हवा?”

“बाराच्या आत.”

“एकदाच केलंस?”

“तीनदा. तिन्ही वेळा तसाच. त्या खोक्यातली टोकं खराब निघाली होती, भाऊजी, खरंच निघाली होती. आणि तिने त्या आठवड्यात दारांना रंग दिला होता. मला वाटलं, त्या वासाने…”

“राखाडी,” ते म्हणाले. “तिला पिवळा हवा होता. मीच म्हटलं राखाडी घे, मळ दिसत नाही.” त्यांनी चष्मा काढून हातात धरला. “पाण्यातला रंग होता तो. वास नव्हता त्याला.”

हे तिने कधी विचारलंच नव्हतं. कुठला रंग, किती वास — एका वाक्याचा प्रश्न. समोर उभी होती ताई, केसांना शिंतोडे घेऊन.

“तेव्हा कळलं असतं तर?” भाऊजींचा आवाज चढला नव्हता. एखादा शब्द ऱ्हस्व की दीर्घ हे विचारावं तसा होता.

“माहीत नाही. कदाचित… कदाचित वेळेत झालं असतं. मला खरंच माहीत नाही.”

“तिला सांगितलंस? शेवटी शेवटी तरी?”

“नाही.”

त्यांनी मान हलवली. त्या हलवण्याचा अर्थ तिला लावता येईना, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना विचारायची हिंमत होईना. ते उठले. पानं पुन्हा चौकोनी केली, मघाशी मारलेल्या रेघांकडे क्षणभर पाहिलं.

“तक्ता बदलशील तर एकदा नजरेखालून घालतो,” ते म्हणाले. मग म्हणाले, “आज नको. सुट्टी संपली माझी.”

खिडकीतून ते रस्ता ओलांडताना दिसले. नळ्यांची गाडी आडवी होती, ती पुढे सरकेपर्यंत ते थांबले. मग गाडी सरकली तरी थांबलेलेच होते. मागून कुणीतरी हटकल्यावर चालायला लागले.

तिने साहेबांना फोन लावला. अहवाल आज जाणार नाही म्हणाली. निरोगी म्हणून घेतलेला एक नमुना वगळला होता, तो घालावा लागेल. छत्तीस. त्या बाईंना पुढे चौदा महिन्यांनी आजार निघाला.

पलीकडे साहेबांचा आवाज एकदम उजळला. “चौदा महिने आधी? अहो, म्हणजे यंत्राने चौदा महिने आधी पकडला? एवढं हातात असून तुम्ही… अहो, ह्या एका नमुन्यावर सबंध अहवाल उभा राहील! कोण आहेत त्या? भेटतील का?”

“माझी बहीण होती.”

“अरेरे…” साहेब म्हणाले. आणि मग, “सावकाश करा. घाई नाही.”

हेच तर. हेच तिने इतके महिने कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही धड नाही. आरोपाची भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती होती ती शाबासकीची. सात नंबर तक्त्यात घातला की यंत्राचं सोनं होणार. सभागृहात तो आकडा मोठा करून दाखवतील, लोक टाळ्या वाजवतील, आणि मी तिथे उभी राहून मान लववीन… ताईच्या छत्तिसाला.

तिने तक्ता उघडला. सहाच्या खाली ओळ घातली. स्त्री. वय बावन्न. आणखी दोन वर्षांनी मी बावन्नची होईन, तिला वाटलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षीपासून काही काळ तरी आपण ताईच्याच मागोमाग चालतोय असं वाटत राहील, आणि मग एक दिवस तिच्याही पुढे जाऊ, थोरली व्हावं लागेल… छत्तीस, चौतीस, सदतीस. शेरा. शेऱ्याच्या रकान्यात तिची बोटं अडली. ‘टोकं सदोष असावीत’ हे आता खरं नव्हतं. ‘पुन्हा बोलावलं नाही’ हे खरं होतं. तेच तिने लिहिलं. तीन शब्द. भाऊजींना त्यात चूक काढता आली नसती.

रविवारी ते येतील का? तिला सांगता येईना. यावेत असं वाटतं का, तेही सांगता येईना. दोघांसाठी स्वयंपाक करायचा की एकीपुरता, हे रविवारी सकाळपर्यंत कळणार नव्हतं, आणि हे विचारायला ज्या माणसाकडे जायचं ते माणूसच नव्हतं.

आतापर्यंत ताई आठवली की तिच्या पुढ्यात तो आकडा येऊन उभा राहायचा. त्याच्याकडे बघण्यातच सगळी शक्ती जायची. आता आकडा तिथे तक्त्यात होता, आठच्या वर, कुणालाही दिसेल असा. आणि त्याच्या मागची जागा मोकळी झाली होती, तिथे ताई होती — आजारातली नव्हे, नळ्यांतली नव्हे, आपली रोजची, घाईतली. आणि तिला रडू येण्याऐवजी सपाट, पोरकट असा राग आला. मी बोलावलं नाही, कबूल. पण तू का नाही आलीस गं? सगळ्या घराचं तू लक्षात ठेवायचीस, माझी परीक्षेची तारीख मला माहीत नसायची ती तुला माहीत असायची. पुढच्या आठवड्यात ये म्हटलं होतं ना मी? तुला कधीपासून आमंत्रणं लागायला लागली?

सात महिन्यांत पहिल्यांदाच ती ताईशी भांडत होती, आणि ताई काहीच बोलत नव्हती.