बाटलीतलं तपकिरी पाणी

सहाव्या दिवशी सकाळी जितेंद्रला उशीच्या अभ्र्यावर तपकिरी डाग दिसले.

डोक्यावर केस रोवून घेऊन आल्यापासून तो आरामखुर्चीत मानेखाली उशी घेऊन बसल्या बसल्याच झोपत होता. जळगाव जवळचं, तरी त्याने धुळ्याचा दवाखाना गाठला होता. जळगावात केळीच्या कामाला आलेलं त्याच्या गावचं, सावद्याचं, कुणी ना कुणी भेटणारच, मग गावभर बोभाटा. डॉक्टरांनी मागच्या बाजूचे केस एकेक करून काढले आणि पुढच्या मोकळ्या जागेत लावले. निघताना बजावलं, "दहा दिवस कुणाचा हात डोक्याला लागू द्यायचा नाही. आम्ही दाखवलंय तसं अलगद धुवायचं आणि मधूनमधून या बाटलीतलं मिठाचं पाणी फवारायचं. मागे आता फारसे केस उरले नाहीत. हे जगले नाहीत तर पुन्हा लावायला काही नाही."

हे शेवटचं वाक्य जितेंद्रच्या मनात रुतून बसलं होतं. वय चौतीस. तीन ठिकाणी पाहण्याचे कार्यक्रम झाले आणि तिन्हीकडून एकच निरोप आला: मुलगा फार मोठा दिसतो.

पहिला संशय आईवर. बेबाबाईंना खरचटल्यालाही हळद लागायची.

"आई, मी झोपलो असताना डोक्याला काही लावलंस?"

"मी कशाले लावू? तू तर मले खोलीत पायही ठेवू देत नाही."

दुसरा संशय धाकट्या बहिणीवर. भाविकाने अभ्रा उलटासुलटा करून पाहिला आणि गंभीर चेहरा करून म्हणाली, "दादा, चहा तोंडाने पितात. तू कुठून पितोस?"

दोघींनी देवाशपथ नाही म्हटलं. वडिलांना, जीवराम नानांना, विचारण्याचा प्रश्नच नव्हता. मुलाने डोकं सोलून आणलं त्या दिवसापासून नानांनी त्या विषयावर तोंड उघडलं नव्हतं. सकाळी केळीच्या बागेत जात, दुपारी जेवायला येत, जाता-येता मुलाच्या कपाळाकडे एकदा बघत.

संध्याकाळपर्यंत डोकं चरचरायला लागलं. आरशात पाहिलं तर रोवलेल्या केसांच्या मधोमध लाल पुटकुळ्या. जितेंद्रने दवाखान्याची ती पांढरी बाटली उघडून वास घेतला. ओल्या मातीसारखा वास. थोडं पाणी वाटीत ओतलं, तर काळ्या चहासारखा रंग!

म्हणजे दवाखान्यानेच घाण पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी टोपी हलकेच टेकवून तो बाटलीसकट धुळ्याला गेला. तिथल्या परिचारिका दिपमाला यांनी बाटली उजेडात धरली, मग कपाटातली नवी बाटली काढून तिच्याशेजारी ठेवली. नवीतलं पाणी नितळ होतं.

"भाऊ, हे आमचं पाणी नाही. घरी कुणी काही टाकतंय का?"

"आमच्या घरी कोण टाकणार?"

"ते तुम्हीच शोधा," असं म्हणून त्यांनी नवी बाटली त्याच्या हातात दिली.

एसटीत तो वाटभर एकेकाचा चेहरा आठवत होता. घरी आल्यावर त्याने पाण्याच्या पातळीवर पेनाने बारीक रेघ मारली, बाटली नेहमीच्या खिडकीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर डोळे मिटून खुर्चीत पडून राहिला.

दार किरकिरलं. आई. ताकाचा पेला ठेवून ती निघून गेली. बाटलीकडे तिने पाहिलंही नाही.

थोड्या वेळाने पुन्हा दार हललं. या वेळी नाना होते, अनवाणी. हातात एक झाकण, काठोकाठ भरलेलं, जपून धरलेलं. खिडकीपाशी जाऊन त्यांनी बाटली उघडली, झाकणातलं काळं औषध थेंब थेंब आत सोडलं आणि बाटली हलवली.

"नाना!"

नाना दचकले. "झोपला नव्हता का तू?"

"काय टाकलं त्याच्यात?"

"ह्युमिक," चहात साखर टाकली असं सांगावं तसं नाना म्हणाले. केळीच्या रोपांची मुळी फुटावी म्हणून देतात ते औषध.

"माणसाच्या डोक्यात ह्युमिक?"

"लई नाही, थेंबभरच. रोप लावलं का बुडाशी औषधाचं पाणी द्यावंच लागते. अन् हा डॉक्टर देते मिठाचं पाणी! मिठाच्या पाण्याने कधी रोप जगलं का? मी म्हटलं, त्याले शेतीतलं काय समजते."

"शेती नाही ही, नाना! डोकं आहे माझं! मेले ना आता सगळे केस!"

नानांचा चेहरा उतरला. झाकण मुठीत लपवत ते म्हणाले, "त्या तिसऱ्या पोरीच्या घरून नकार मीच ऐकून आलो होतो. तुझ्या कानावर कमी घातलं. जास्त बोलले होते ते."

जितेंद्रचा राग त्यामुळे निवला नाही. त्याने दवाखान्याला फोन लावला.

डॉक्टरांनी पाणी फेकायला आणि गोळ्या घ्यायला सांगितलं. पुटकुळ्या बसल्या. "तिसऱ्या आठवड्यात हे केस गळतीलच, घाबरू नका," ते म्हणाले. "मुळं जगली की नाही ते चार महिन्यांनी कळेल."

एकविसाव्या दिवशी केस गळायला लागले. ही डॉक्टरांनी सांगितलेली गळ, की ह्युमिकची? की डॉक्टरही लबाडच? आधीच गळतील म्हणून सांगून ठेवलं की नंतर जाब विचारायला नको! कोणावर विश्वास ठेवावा ते त्याला कळेना. खोलीला तो कुलूप घालू लागला. तेलाची बाटली, साबण, उशी, सगळं हुंगून वापरू लागला. नाना त्याच्या खोलीच्या वाटेला जाईनासे झाले. जेवताना ताटातच बघत.

चौथा महिना सरताना एका सकाळी जितेंद्र ओट्यावर उन्हाला बसला होता. बागेतून आलेले नाना मागे थबकले. खिशातून चष्मा काढून त्यांनी डोळ्यांवर चढवला.

"हलू नको. ऊन येऊ दे."

नाना वाकून एकेक जागा न्याहाळत गेले.

"निघाले," नाना हळूच म्हणाले. "बारीक हायेत, पण निघाले. डाव्या अंगाले पाच-सहा जागा रिकाम्या दिसतात."

"नाना, हात दाखवा."

नानांनी चष्मा खिशात ठेवला. मग दोन्ही तळवे त्याच्यासमोर उघडले. केळीच्या चिकाचे जुने डाग होते. बाकी कोरडे.

जितेंद्रने ते वाकून हुंगलेसुद्धा. मग मान पुढे झुकवली.

"आता लावून बघा हात."