माझा पंचाण्णवचा आकडा

मी एक जुनी काचेची नळी आहे, मित्रांनो. फूटभर उंच, अंगावर दोनशे रेघा. इस्राएलमधल्या बेर्शेबाच्या एका इस्पितळात माझ्यात रोग्याचं रक्त भरून मला स्टँडमध्ये ताठ उभं करत. तासाभरात तांबड्या पेशी खाली बसत आणि वर पिवळं पाणी राही. पाणी जितकं जास्त, तितका माझा आकडा मोठा आणि तितकी अंगात सूज जास्त. मी आकडा दाखवी, रडणं-हसणं माणसांचं.

मला सांभाळत ते रूवेन. ठाण्याहून आलेले मराठी ज्यू, हाताने स्वच्छ, जिभेने तिखट. त्यांची नोकरी अजून कच्ची होती.

१९६३च्या उन्हाळ्यात जवळच्या ओफाकिम गावच्या हॅनाबाईंचं पित्ताशय काढलं. पोट कापलं की माझा आकडा चढतो आणि रक्तातलं लोह उतरतं. चोराची चाहूल लागली की घरची बाई दागिने आत ठेवते, तसं शरीर लोह आत ठेवतं. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण पाचव्या दिवशी मी पंचाण्णव दाखवले. पोटही दुखत होतं. आत पू असणार, उद्या पुन्हा पोट उघडू, असं डॉक्टर गिदोन यांनी ठरवलं.

हॅनाबाईंचे यजमान योसेफ आमच्या प्रयोगशाळेच्या दारात आले. "रूवेनभाऊ, परत कापतील काय हो तिला? दुसऱ्यांदा ती उठायची नाय."

 मला धुवायला म्हणून रूवेननी स्टँड उचलला आणि ते थबकले. एका पायाची रबरी टोपी गळून पडली होती. मी तासभर तिरकी उभी होते! तिरक्या नळीत पेशी भराभर घसरतात आणि आकडा फुगतो.

टोपी बसवून गप्प राहणं सोपं होतं. रूवेन तडक डॉक्टरांकडे गेले.

"डॉक्टर, चूक माझी. स्टँड न बघता मी आकडा लिहिला. पुन्हा रक्त घेऊ द्या."

"तुझ्या आकड्यावर मी तिला कापणार होतो!" डॉक्टर ओरडले. मग म्हणाले, "बेसेदेर, ठीक आहे. घे."

या वेळी बावन्न आले. जास्तच, पण पाचव्या दिवसाला साजेसे. डॉक्टर थांबले. दोन दिवसांत दुखणं ओसरलं, लोह चढू लागलं. हॅनाबाई चालत घरी गेल्या आणि त्यांच्याकडे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने गोड पोह्यांचा मलिदा झाला. रूवेनना पक्की नोकरी मात्र वर्षभर उशिरा मिळाली. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

आता मी कपाटात धूळ खात पडले आहे. मित्रांनो, माझ्या बहिणींना धुवा, वाळवा, ताठ उभं करा. तिरकी नळीही आकडा तितक्याच ठामपणे दाखवते. ती तिरकी आहे, हे माणसानेच सांगावं लागतं.