सरांच्या लेखी

धाकटीनं प्लास्टरच्या पायावरून कानस फिरवली, फुंकर मारली आणि अंगठ्यानं चाचपून पाहिलं. गुडघ्याखालच्या हाडाचा उंचवटा नीट उतरला होता. पांढरी भुकटी तिच्या बाह्यांवर, भुवयांवर, अगदी ओठांवरही बसली होती. समोरच्या भिंतीला टेकून पंधरावीस कृत्रिम पाय उभे होते, कुणाचा गुडघ्यापासून, कुणाचा मांडीपासून, आणि प्रत्येकाच्या घोट्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी बांधलेली. तिनं पुन्हा कानस उचलली. साचा झाला होता, पण हात रिकामे ठेवायची तिची छाती होईना.

आज तिसरा दिवस होता चाचणीचा. या परक्या शहरात येऊन तिला दीड वर्ष झालं होतं आणि गेले अकरा आठवडे ती इंटर्नशिप शोधत होती. कृत्रिम अवयव बनवणाऱ्या एक्केचाळीस ठिकाणी अर्ज करून झाले. एक्केचाळीस ठिकाणांहून नन्नाचा पाढा आला, तोही इतक्या गोड भाषेत की पहिली दोन उत्तरं तिला होकारच वाटली होती. महिनाअखेरपर्यंत कुठं चिकटली नाही तर पदवी अर्धवट राहणार, व्हिसा संपणार आणि ती आली तशी परत जाणार. ही बेचाळिसावी जागा. महिना संपायला सहा दिवस उरले होते.

काचेच्या दारामागून मुख्य बाई आल्या. पन्नाशी उलटलेल्या, केस पिकलेले, एप्रनच्या खिशात पेन असावं तिथं पाना. त्यांनी साचा उचलून उजेडात धरला, फिरवला आणि खाली ठेवला.

"हात चांगला आहे," त्या म्हणाल्या. "काल तुझ्या सरांशी बोलले."

धाकटी बाहीवरची भुकटी झटकू लागली.

"शिफारसपत्रांवर माझा विश्वास नाही. सगळ्या पत्रांत सगळी मुलं मेहनती असतात. मग आळशी मुलं जातात कुठं?"

धाकटी हसली, कारण हसायचंच होतं. सरांच्या पत्राची कथा तिलाच ठाऊक. सही सरांची होती, मजकूर ताईचा. त्यांच्या कॉलेजात पद्धतच तशी. "तुम्हीच लिहून आणा, मी सही करतो. तुमचे गुण माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत," असं सर म्हणायचे आणि पोरं आपल्याच हातानं आपल्यावर फुलं उधळून आणायची. धाकटीला ते काही जमेना. पहिल्या वाक्यालाच घोडं अडलं. शेवटी तिच्या मोठ्या बहिणीनं कागद ओढून घेतला आणि पाच मिनिटांत धाकटी मेहनती, प्रामाणिक, मनमिळाऊ आणि वक्तशीर झाली. 'वक्तशीर' वाचून दोघींना हसू आवरलं नव्हतं.

"मी दहा मिनिटं धरली होती," मुख्य बाई म्हणाल्या. "ते चाळीस मिनिटं बोलले."

चाळीस मिनिटं! चार वर्षांत सर तिच्याशी मोजून दहा वाक्यं बोलले असतील आणि त्यातली तीन 'बाजूला हो' अशी होती.

"त्या बादलीबद्दल सांगितलं त्यांनी," बाई म्हणाल्या. त्या चक्क स्टूल ओढून बसल्या. "ती बाई, जिला पाय बसत नव्हता. मुलं तीन दिवस सॉकेट, म्हणजे पाय बसतो ती खोबण, घासत होती आणि तू पाण्यानं भरलेली बादली आणून तिच्या हातात दिलीस. म्हणालीस, आता चाल. मग सगळ्यांना दिसलं. पाय रिकाम्या हातांच्या मापानं बनवला होता, आणि ती बाई दिवसभरात रिकाम्या हातानं कधी चालतच नव्हती. काही ना काही उचललेलं असायचंच. बरोबर ना?"

धाकटीच्या हातातली कानस तशीच राहिली.

ती बादली तिला चांगली आठवत होती. फक्त ती तेव्हा कॉलेजात नव्हती, सातवीत होती. ताई तेव्हा सरांच्याच हाताखाली शिकत होती आणि त्या संध्याकाळी घरी आली ती उड्या मारतच. तिनं धाकटीचा एक पाय ओढणीनं फळीला बांधला, हातात भरलेली बादली दिली आणि तिला स्वयंपाकघरापासून दारापर्यंत चालवलं. "बघ, बघ कशी कलतेस! पायाला दोष नाही, त्याला ओझ्याची खबरच नाही!" घरभर पाणी झालं. तेव्हा आई हिंडतीफिरती होती. तिनं दोघींना चांगलं झापलं आणि फरशी पुसायला लावलं. फरशी पुसतानाही ताई बोलतच होती.

सरांनी गल्लत केली होती. आडनाव एक, चेहरेपट्टी एक, दोघींमध्ये सात वर्षांचं अंतर. निवृत्त होऊन घरी बसलेल्या माणसाच्या डोक्यात दोघी बहिणींची एकच मुलगी झाली होती आणि जे सांगण्यासारखं होतं ते सगळं मोठीचं होतं.

"ते सुचलं कसं तुला?" बाईंनी विचारलं.

हीच ती वेळ होती. 'ती मी नव्हे', एवढंच म्हणायचं होतं. धाकटीनं ओठांवरची भुकटी जिभेनं पुसली.

"घरी," ती म्हणाली. "घरी बघितलं होतं तसं."

खोटं नव्हतं. खरंही नव्हतं.

"मला हेच हवंय," बाई उठल्या. "कानस फिरवणारे पुष्कळ मिळतात. उद्यापासून ये. आमच्याकडं एक माणूस आहे, दोन महिने झाले, नवा पाय घालायला तयार नाही. आम्ही सगळ्यांनी हात टेकले. उद्या तू बघ त्याला."

धाकटी आभार मानून बाहेर आली. रस्त्यापलीकडं बसथांबा होता. तिच्यासमोरून दोन बस गेल्या, पण ती बाकावर बसूनच राहिली. जिच्यासाठी अकरा आठवडे जिवाचं रान केलं ती गोष्ट हातात आली होती आणि तिला रडू येत होतं. आनंदाचं नव्हतं ते.

तिकडं दुपार झाली असणार. ताई कोपऱ्यावरच्या चपलांच्या दुकानात काम करते. जेवणाच्या सुट्टीत दुकान बंद झालं की ती घरी येते, आईला भरवते, कुशीवर वळवते आणि पुन्हा जाते. ताईला परदेशातल्या प्रवेशाचं पत्र आलं त्याच महिन्यात आईला अर्धांगवायूचा झटका आला होता. वडील आधीच गेलेले, धाकटी शाळेत. "पुढच्या वर्षी जाईन," ताई म्हणाली होती. मग पुढची वर्षं नुसती येत राहिली. पाय बनवायची कार्यशाळा घरापासून दोन तासांवर आणि दुकान दोन मिनिटांवर, म्हणून ती गिऱ्हाइकांच्या पायाला चपला लावून बघू लागली. धाकटीनं हाच अभ्यास घ्यावा, इथं यावं, हा सगळा हट्ट तिचाच.

धाकटीनं ठरवलं, ताईला यातलं काही सांगायचं नाही. तिचं जे थोडंफार होतं तेही आपण उचलून आपल्या नावावर केलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? तिनं फोन लावला.

"लागलं?" ताईनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"लागलं."

 पलीकडून जोरात नाक ओढल्याचा आवाज आला.

"रडतेस?"

"मी कशाला रडू? सर्दी झालीय. सर काय म्हणाले तुझ्याबद्दल?"

"नेहमीचंच. मेहनती आहे वगैरे."

"एवढंच?"

"वक्तशीर म्हणाले."

धाकटीला वाटलं होतं, ताई हसेल. ताई हसली नाही.

"चाळीस मिनिटं वक्तशीरच म्हणत होते?"

समोर बस येऊन थांबली, दार उघडलं, मिटलं.

"चाळीस मिनिटं मी कुठं म्हटलं तुला?" धाकटी म्हणाली.

"मी तिथंच होते गं," ताई म्हणाली. "सरांना फोनवर नीट ऐकू येत नाही हल्ली. त्यांच्या घरच्या काकूंनी मला बोलावून घेतलं, फोनचा आवाज मोठा करून द्यायला. म्हटलं, तुला आधी सांगून तुझा जीव टांगणीला कशाला लावा."

"म्हणजे तू ऐकलंस."

"सगळं."

"मग बोलली का नाहीस? सर, ती मी, एवढं म्हणता येत नव्हतं?"

"आणि तुझं काम घालवू?" ताईचा आवाज चढला आणि लगेच उतरला. आई झोपली असावी. "आणि खरं सांगू? मला कळलंच नाही आधी. ते बादलीपाशी आले तरी मला वाटत होतं, दुसऱ्याच कुणाचं चाललंय. अगं, त्या दिवशी एका शब्दानं बोलले नव्हते ते मला. 'चला, पुढचा पेशंट' म्हणाले होते. मला वाटलं, यांनी बघितलंही नसेल. इतकी वर्षं तसंच वाटत होतं." ती थांबली. "पेशंटच्या नवऱ्याचं नावसुद्धा लक्षात आहे त्यांच्या. मी विसरले होते."

धाकटीनं बाहीनं तोंड पुसलं आणि भुकटी डोळ्यांत गेली.

"तू काय म्हणालीस त्या बाईंना?" ताईनं विचारलं.

"घरी बघितलं होतं म्हटलं."

"बरं केलंस. बघितलंच होतंस की. फरशी अर्धी तूच पुसलीस."

"ताई, थट्टा नको. उद्या मला एक पेशंट बघायचाय. दोन महिने पाय घालत नाही म्हणे. त्यांना वाटतंय, मी बघेन आणि मला कळेल. मला काय कळणार? मला कानस फिरवता येते."

"काय काम करतो तो?"

"कोण?"

"पेशंट. पाय जायच्या आधी काय करायचा? उभ्याचं काम होतं की बसून? घराला पायऱ्या आहेत का? पहिल्यांदा घातला तेव्हा किती वेळात काढून ठेवला?" ताई भराभर विचारत सुटली. धाकटीनं हा आवाज कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता. बादलीच्या त्या संध्याकाळचा आवाज होता तो.

"मी विचारलंच नाही," धाकटी म्हणाली.

"विचार मग. आधी तेच विचारायचं असतं. पायाकडं नंतर बघायचं." आणि मग आपलं आपल्यालाच ऐकू आल्यासारखी ताई गप्प झाली. "जाऊ दे. तू बघशील. येतं हळूहळू."

"नाही येत. तुला येतं." धाकटीला हुंदका आवरेना. "हे सगळं तुझं आहे, ताई. मी जाऊन खरं सांगते त्यांना. ठेवलं तर ठेवतील, नाही तर येते मी परत. आईला मी बघते. तू ये इथं."

"एकतिसाव्या वर्षी?" ताई हसली, पण ते हसू अर्ध्यातच राहिलं. "माझं काय घेऊन बसलीस. तुला सांगायचं असेल तर सांग, मी अडवणार नाही. तुझ्यानं तसंही खोटं पचायचं नाही. फक्त सरांना कळू देऊ नकोस."

"त्यांना काय होणार आहे? दोन बहिणी आहेत एवढंच तर कळेल."

"दोघी आहेत हे त्यांना माहीत आहे."

"मग?"

तिकडं आईच्या खाटेची करकर झाली.

"फोन संपल्यावर काकूंनी चहा दिला," ताई सांगू लागली. "सर एवढे खूश होते! मला म्हणाले, तुझी मोठी बहीण फार हुशार, बरं का. मी तेव्हाच तुमच्या काकूंना म्हटलं होतं, ही पोरगी बाहेर जाणार. गेली की नाही? मोतीबिंदू झालाय त्यांना, नाहीतर माझ्या केसांकडं बघून मला धाकटी म्हणायची कुणाची टाप आहे. मग विचारलं, तू काय करतेस? म्हटलं, मी घरी असते सर, आईजवळ. तर म्हणाले, असू दे, सगळ्यांनाच नाही जमत."

धाकटीनं डोळे गच्च मिटले.

"तू सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? मोठी कशी आहे तिथं, विचारत होते. म्हटलं, मजेत आहे. कामाचंही होईल आता तिचं." ताईनं पुन्हा नाक ओढलं आणि या वेळी सर्दीचं नाव काढलं नाही. "अख्ख्या जगात एकट्या त्या माणसाच्या लेखी मी गेलेय गं. तेवढं राहू दे."

पलीकडून आईची अस्पष्ट हाक आली. ताई फोन तसाच ठेवून उठली. तिच्या चपलांचा आवाज, उशी सरकवल्याचा आवाज, आणि मग तिचा आईशी बोलायचा नेहमीचा मोठा, खणखणीत आवाज धाकटीला बसथांब्यावर ऐकू आला.

"धाकटीचा फोन आहे, आई. लागलं तिचं."