पेटीत नव्हतं ते औषध

दिपमालाने नवऱ्याला उठवलं नाही, कारण तो घोरत होता.

जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात दोघंही कामाला. चंदन मशीनवर, ती पॅकिंगला. जेवणाच्या सुट्टीत ती डबा घेऊन गेली तर हा गोदामाच्या सावलीत रिकाम्या पोत्यांवर आडवा झालेला. घशातून खरखर आवाज येत होता. सकाळपासून कंबर धरून उभा होता बिचारा. दिपमालाने त्याच्या तोंडावरची माशी हाकलली, डबा उशाशी ठेवला आणि पाऊल न वाजवता परत गेली.

अर्ध्या तासाने कुणीतरी त्याला हाक मारली, तेव्हा चंदनचे ओठ निळे पडले होते. सुपरवायझरने भिंतीवरची प्रथमोपचाराची पेटी धावत आणली. कापूस, पट्ट्या, भाजल्यावरचा मलम. त्यातलं काय वापरायचं तेच कुणाला कळेना. गाडी आली, पण दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

"काही घेत होते का?" डॉक्टरांनी विचारलं.

"कंबरेसाठी गोळ्या." दिपमाला म्हणाली. "आधी एक घ्यायचे. आता चार-चार."

"त्या गोळ्या अफूच्या जातीच्या. जास्त झाल्या की श्वास मंदावत जातो."

"पण ते तर घोरत होते हो डॉक्टर."

"ते घोरणं नव्हतं, ताई. श्वास अडकत होता. तेव्हा त्यावरचा उतारा, नॅलोक्सोनचं इंजेक्शन, मिळालं असतं तर बहुधा वाचले असते."

घरी सासूने, झुंबरबाईने, येणाऱ्या-जाणाऱ्याला ॲटॅक आला असंच सांगितलं. दिपमालाही मान हलवायची. पण डोळा लागला की ती दचकून उठायची. आपण ठेवलेला तो डबा तिला दिसायचा.

दीड महिन्याने ती कामावर परतली आणि पहिल्याच दिवशी मॅनेजर योगेंद्र पाटलांच्या केबिनमध्ये गेली.

"साहेब, ते इंजेक्शन आपल्या पेटीत ठेवा."

"कायद्याने सक्ती नाही त्याची," योगेंद्र म्हणाले. "आणि ठेवलं तर बाहेर काय बोलतील? यांच्याकडे सगळे नशेडी कामाला आहेत? शिवाय चंदनला तर ॲटॅक आला होता ना? तुमच्याच घरचे सांगतात."

दिपमाला तशीच पॅकिंगला परतली.

त्या संध्याकाळी चुलीपुढे बसलेल्या सासूला ती म्हणाली, "आई, मी खरं सांगणार आहे. सगळ्यांसमोर."

झुंबरबाईच्या हातातली भाकरी तव्यावर तशीच राहिली. "बठ्ठा लोकेसमोर मना पोऱ्याले नशाबाज म्हनशी? तो मरी गया, आते त्यानी अब्रू बी मारशी?"

"नशाबाज नव्हते ते. कंबर दुखत होती त्यांची."

त्या दिवसापासून सासूने सुनेशी बोलणंच सोडलं.

महिन्याच्या सुरक्षा बैठकीत दिपमाला उभी राहिली. "माझे मालक ॲटॅकने गेले नाहीत," ती म्हणाली. "गोळ्यांनी गेले. मी डबा घेऊन जवळ गेले होते. मला वाटलं, झोपलेत." मग तिने तो आवाज काढून दाखवला, स्वतःच्या घशातून, जसा ऐकला होता तसा. "हा आवाज आला तर कुणालाच झोपू देऊ नका." समोरच्या मशीनवाल्यांच्या माना खाली गेल्या. पॅकिंगमधली सलीमा उठून तिच्या शेजारी येऊन उभी राहिली. मग आणखी चार बाया उठल्या. योगेंद्रांनी वही पुढे ओढली आणि इंजेक्शनाचं नाव लिहून घेतलं.

तीन महिन्यांनी पेटीत इंजेक्शनं आली. मांडीत कसं द्यायचं, श्वास कसा पाहायचा, हे डॉक्टरांनी सहा जणांना शिकवलं. सलीमा त्यांतली एक.

आणि मार्चमध्ये एका दुपारी कँटीनच्या मागे उखर्डू नावाचा मशीनवाला भिंतीला टेकून तसाच घोरताना सलीमाला दिसला. तिने आरडाओरडा केला नाही. एकाला गाडी बोलवायला पिटाळलं, पेटी आणली आणि सुई टोचली. दोन-तीन मिनिटांत उखर्डू खोकला, डोळे उघडून शिव्या द्यायला लागला. गाडीने त्याला दवाखान्यात नेलं. सलीमा धावत पॅकिंगला आली. "दिपा, वाचला गं!"

दिपमाला हसली. तिने सलीमाच्या पाठीवर हात फिरवला. मग हातातली चटई नीट गुंडाळली, दोरी बांधली, आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून तोंडात पदर कोंबून रडली. एवढंच करायचं होतं. एवढंसंच.

ती घरी पोचायच्या आत बातमी त्यांच्या मेहरूणच्या वस्तीत पोचली होती. झुंबरबाई दारात उभी होती. पाच महिन्यांनी तिने सुनेकडे तोंड वर करून पाहिलं.

"वाचना का तो?"

"वाचला, आई."

"त्यानी माय शे का घरमा?"

"आहे."

झुंबरबाईने दाराची चौकट धरली आणि धरता धरताच खाली बसली. दिपमाला तिच्याजवळ उंबऱ्यावर बसली. दिवे लागेपर्यंत दोघी तशाच बसून होत्या.