रुंद पानं

चौथं पान फुटलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मिरचीच्या रोपाला पान फुटलं यात रागावण्यासारखं काय आहे, असं कुणीही विचारील. पण बाईंच्या मिरचीचं पान अरुंद असायचं, टोकदार, देठाशी जरा जांभळट. आणि आता मागच्या खोलीत, रॅकवरच्या ट्यूबलाइटखाली, तीस कागदी पेल्यांत तीस रोपं उभी होती आणि तीसच्या तीस रोपांची पानं रुंद, गुळगुळीत, हिरवीगार होती. इतकी तब्येतीत, की पाहणाऱ्याने कौतुक करावं. बाईंनी एकेक पेला उचलून उजेडात फिरवून पाहिला. मग रोपांवर वारा घालणारा टेबलफॅन बंद केला, कारण त्याच्या घरघरीनेसुद्धा डोकं उठायला लागलं होतं.

गल्लीत त्यांना दातवाल्या बाई म्हणत. कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये सत्तावीस वर्षं त्या मेणात दात बसवत आल्या होत्या. दात केसभर तिरका बसला तरी त्यांना दिसायचा, तर पान रुंद आहे हे दिसायला त्यांना भिंग लागणार नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी त्यांना एक ताप आला. आठवड्यात उतरला, पण जाताना वास घेऊन गेला आणि वासाबरोबर चवही. त्या दिवसापासून कांदा आणि सफरचंद यांत फरक राहिला तो फक्त दाताखाली करकरण्याचा. लोक म्हणत, येईल हळूहळू. हळूहळू काहीही आलं नाही. जेवण म्हणजे पुठ्ठा चावणं झालं. एक तिखट तेवढं लागायचं. तिखट ही चव नव्हेच, ते जिभेचं भाजणं आहे, असं डॉक्टरांनी समजावलं. बाईंना त्या शहाणपणाशी काही देणंघेणं नव्हतं. सगळं बंद पडलेल्या घरात एक दिवा लागत होता, तर तो कुठल्या तारेवर लागतो हे कशाला विचारायचं?

म्हणून त्यांनी मिरच्या लावल्या. नुसत्या लावल्या नाहीत, निवडल्या. पहिल्या वर्षी बाजारातल्या चार जातींची रोपं घरात वाढवली, त्यांचा आपसात संकर केला आणि त्यांतून एक झाड ठेवलं. दरवर्षी पहिली फळं चाखून ज्या झाडाचं तिखट मनासारखं चढेल, त्याच झाडाच्या पुढच्या कळ्यांवर चहाची रिकामी केलेली कागदी पिशवी चढवायची, लाल दोऱ्याने बांधायची. म्हणजे दुसऱ्या झाडाचा परागकण आत जायला नको. बी धरायचं ते फक्त लाल दोऱ्याच्या मिरच्यांचं. बाकीच्या मिरच्या चिरून, मीठ लावून बरणीत भरायच्या, रोज झाकण सैल करून हवा सोडायची, पंधरा दिवसांनी बियांसकट मिक्सरमधून काढून, व्हिनेगर घालून उकळून सॉस करायचा. झाडं मग उपटून टाकायची, कारण एका वर्षी जुन्या झाडांवरून मावा सगळ्या खोलीत पसरला होता. आणि आदल्या वर्षीचं बी तर त्या हटकून फेकून देत. जुनं बी घरात असलं की माणूस मागे वळून पाहतो, असं त्यांचं म्हणणं. हा त्यांचा ताठा होता, आणि आज तोच अंगाशी आला होता.

पाचव्या पिढीची ती मिरची आधी काहीच सांगायची नाही. मग जिभेच्या टोकाला टाचणी लागायची, मग टाळूच्या मागून वर सरकायचं आणि शेवटी दोन्ही कानांच्या मागे गरम होऊन थांबायचं. तिथे ते पाच मिनिटं राहायचं. त्या पाच मिनिटांत बाईंना आपण जेवलो असं वाटायचं.

यंदा झाडं फुलावर असताना मुलीचं बाळंतपण आलं. बाई दीड महिना तिकडे. इकडे घड्याळजी, म्हणजे त्यांचे यजमान, एकटे. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त करून नुकतेच घरी बसले होते आणि स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नव्हतं. बाई जाताना पिशव्या बांधून, पाण्याचं वेळापत्रक भिंतीला चिकटवून गेल्या. परत आल्या तर लाल दोऱ्याच्या मिरच्या लालबुंद, झाडं टवटवीत. बाईंनी मुलीला फोनवर सांगितलंही होतं, तुझ्या बाबांनी माझी लाज राखली.

आता बाई स्वयंपाकघरात आल्या तेव्हा घड्याळजी खिडकीशी बसून शेजाऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ उघडत होते. खिडकीत त्यांची लाडकी ढोबळी मिरची होती. आम्लपित्तामुळे त्यांना तिखट चालत नसे, म्हणून हे गरीब झाड त्यांनी स्वतःसाठी लावलं होतं. बाई त्याला 'तुमची भोपळी बाई' म्हणून हसायच्या. आज त्यांनी त्या झाडाचं पान तोडलं आणि दुसऱ्या हातातल्या पेल्याशेजारी धरलं.

"हे काय आहे?"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. दोन्ही पानं पाहिली. उत्तर द्यायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात बाईंना उत्तर मिळालं.

"पिशव्या सोडल्या होत्या तुम्ही," बाई म्हणाल्या.

"हो."

"आणि ह्या बयेच्या फुलांची पूड लावलीत."

"कळी उमलायच्या आत चिमट्याने तिचे पुंकेसर काढले," घड्याळजी सावकाश म्हणाले. "मग हिची पूड लावली. मग पिशवी परत बांधली. तुझीच गाठ मारली."

"किती फुलांना?"

"सगळ्या."

"एकही सुटलं नाही?"

"माझ्या हातून कधी काही सुटतं का?"

हे ते बढाई म्हणून बोलले नाहीत, सवयीने बोलले, पण बाईंचा उरलासुरला तोल तिथे गेला. चुकून झालं असतं, धांदरटपणाने झालं असतं, तर त्यांनी आरडाओरडा करून सोडून दिलं असतं. हे भिंग लावून, श्वास रोखून, नीटनेटकं केलेलं होतं. चाळीस वर्षांचं कसब वापरून ह्या माणसाने त्यांची सहा वर्षं मोडली होती.

"झाडं तुमच्यादेखत उपटली मी. बी तुमच्यादेखत पेरलं. तेव्हा तोंड शिवलं होतं का तुमचं?"

"सांगणार होतो."

"कधी? ह्या रोपांचा सॉस बाटलीत भरल्यावर?"

"अगं, जातं कुठे तिखट? थोडं कमी होईल, एवढंच. तेवढ्याने तुला काय फरक पडणार होता? तसंही तुला कुठे..."

ते थांबले, पण उशीर झाला होता.

"बोला. पुरं करा," बाई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून घड्याळजींनी हातातला स्क्रू खाली ठेवला. "तसंही मला कुठे चव कळते. हेच ना? एकच गोष्ट लागते मला ह्या जगात. एक. ती तुम्हाला जास्त वाटली. तुमच्या पोटाला झेपत नाही म्हणून माझीही पातळ करायची."

"तसं नाही."

"मग कसं?"

घड्याळजींनी टेबलाकडे पाहिलं. चार खुर्च्या होत्या. त्यांतल्या एकीची गादी बसून बसून दबली होती, बाकीच्या तीन नव्यासारख्या होत्या.

"सहा वर्षं तू ओट्याशी उभी राहून जेवतेस," ते म्हणाले. "बाटली घेऊन, दहा मिनिटांत. मी इथे एकटा बसतो. मला वाटलं, दोघांना चालेल असा एक सॉस झाला तर तू बसशील."

बाईंना हे ऐकून गहिवर वगैरे आला नाही. उलट जास्तच संताप आला, कारण आता धड ओरडताही येईना. समोर बसून दुसरा माणूस चवीने जेवतो, बोटं चाटतो, हे बघवत नाही म्हणून त्या ओट्याशी उभ्या राहत. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगायची गरज पडावी याचाच त्यांना राग होता.

त्या कपाटाशी गेल्या. यंदाच्या सॉसच्या नऊ बाटल्या होत्या. फळ आईझाडाचं असतं, बिघडलं होतं ते फक्त बी, म्हणून ह्या नऊ बाटल्या खऱ्या होत्या आणि शेवटच्या होत्या. त्यांतली एक त्यांनी टेबलावर आपटली, चमचा भरला आणि खुर्ची ओढून नवऱ्याच्या समोर बसल्या.

"घ्या. काय मोडलंत ते तरी कळू दे."

घड्याळजींनी डॉक्टरांचं नाव काढलं नाही. चमचा तोंडाजवळ नेला, क्षणभर थांबले, आणि घेतला.

बाई बघत राहिल्या. आधी काहीच झालं नाही. मग त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. मग डोळे भरले, नाक लाल झालं, आणि थोड्या वेळाने त्यांचा हात आपोआप कानामागे गेला. बरोबर त्याच जागी. बाईंना नको असताना अभिमान वाटला.

"चमचा धरून थांबला होतात कशाला? भीती वाटली?"

"नाही," ते खोकत म्हणाले. "वास घेत होतो."

"वास?"

"दरवर्षी तू हा उकळतेस तेव्हा येतो. मी बाहेर जातो खोकत, पण जिन्यात उभा राहतो जरा वेळ. फार छान वास आहे गं ह्याला."

पाच पिढ्या बाईंनी ही मिरची घडवली होती. तिचं पान, देठ, तिखट चढायचा वेग, सगळं त्यांना पाठ होतं. तिला वास असेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"कसला?" त्यांनी विचारलं.

"संत्र्याची साल सोलताना येतो ना, तसा. आणि मागून थोडा घड्याळाच्या नव्या पट्ट्यासारखा. चामड्याचा."

"आणि हे तुम्ही सहा वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"तूच म्हणाली होतीस, वास सांगायचे नाहीत."

म्हणाल्या होत्या. तापानंतरच्या पहिल्या महिन्यांत हा माणूस पावाचा, साबणाचा, ओल्या मातीचा वास सांगत घरभर त्यांच्या मागे फिरायचा, आणि एक दिवस बाईंनी भांडं आपटून त्याला गप्प केलं होतं. तो गप्प राहिला. त्याच्या हातून कधी काही सुटत नाही.

रागाचा अर्धा भाग कुणावर काढावा हे आता बाईंना कळत नव्हतं. त्यांनी मागच्या खोलीत जाऊन टेबलफॅन पुन्हा चालू केला, रुंद पानांच्या तीस रोपांकडे शत्रूकडे पाहावं तसं पाहिलं, आणि परत येऊन त्याच खुर्चीवर बसल्या.

"ह्यांतून निवडत निवडत परत तिथे पोचायला सहा वर्षं लागतील," त्या म्हणाल्या.

"मी चिमटा धरीन."

"चिमट्याला हात लावलात तर बोटं तोडीन. मी तुम्हाला माफ केलेलं नाही."

"नाही," घड्याळजींनी मान हलवली.

बाईंनी चमचा पुन्हा काठोकाठ भरला आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या. आणि ह्या वेळी नीट सांगा. संत्र्याची साल, ती ताजी की वाळलेली?"