पुसलेली बत्तीस पाने

मित्रांनो, मी नाशिक रोडच्या एका शाळेचा ब्लॉग आहे. वय तीनच वर्षे, पण मला जुना म्हणायला हरकत नाही. माझे बरे दिवस सरले. माझ्या गोष्टीत गोडवा शोधू नका. मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला शुभांगीबाईंनी घडवले. त्या सहावीला गणित शिकवत. वर्गात बत्तीस मुले, म्हणून माझ्यावर बत्तीस पाने. ज्याचे जिथे अडे, तिथलाच धडा त्याच्या पानावर असे. मुले घरच्या मोबाइलवरून गणिते सोडवून पाठवत. चुकलेले उत्तर बाई कधी पुसत नसत; त्याच्याच खाली लिहीत.

दिशाच्या घरी झेंडूचा मळा. एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच, असे तिने ठोकून दिले होते. बाईंनी लिहिले, "फुलांची अर्धी पाटी भरली होती. त्यात आणखी फुले टाकलीस, तरी पाटी अर्ध्याहून कमी? फुले गेली कुठे?"

"शेळीनं खाल्ली, बाई!" दिशाचे उत्तर आले. थोड्या वेळाने दुसरे आले, "थांबा, कळलं. पाच छेद सहा." मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग ती रोज काहीतरी विचारू लागली. "अपूर्णांकानं भागताना तो उलटा का करायचा? पाठ हाय बाई, पण कळलं नाय."

त्याच आठवड्यात शाळेचे उपक्रम बघायला समिती येणार होती. मुख्याध्यापक प्रफुल्लसरांनी मला पहिल्यांदाच उघडले आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, पोरांच्या चुका चव्हाट्यावर मांडल्यात? शाळेची अब्रू जाईल. पुसा सगळं."

"सर, त्या चुकांवरच तर मी शिकवते."

"हे समितीला सांगणार आहात का?"

माझा राग बाईंवरही आहे. बत्तीस पाने त्यांनी स्वतःच्या हाताने पुसली, दिशाच्या प्रश्नाचे उत्तर न देता. त्यांच्या जागी एकच पान आले: सगळ्यांना एक धडा, नीटनेटकी उत्तरे आणि वर सरांचा फोटो. समितीने वाहवा केली.

मित्रांनो, तुमचे चुकलेले गणित कोणी पुसू लागला तर त्याचा हात धरा. मोठा माणूस असला तरी धरा. मला हात नाहीत.

दुसऱ्या दिवशी दिशा आली. आपले पान शोधत राहिली. मग त्या नव्या पानाखाली, सगळ्यांच्या ओळीत, तिनेही लिहिले, "समजले, सर."

तिला काहीही समजलेले नाही.